साडू-साडूची पाटी

७ फेब्रुवारी

साडूबुवा,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायचा माझा विचार नव्हता. पण तुमची मोठी मेहुणी समोर कपड्यांच्या घड्या घालत बसली आहे आणि मान वर न करताच म्हणाली, "आधी नमस्कार लिहा." तेव्हा नमस्कार.

काम एवढंच आहे. टेनिस क्लबमधल्या पाट्या रंगवायला काढल्यात. आपल्याकडे डबल्सच्या जोडीला एकच लाकडी पाटी असते आणि जोडी मोडली की ती खरवडून नव्याने रंगवतात, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या पाटीवर रंगाऱ्याने नावं न घालता नुसतं ‘साडू-साडू’ लिहिलं होतं. यातला कुठला कोण ते बघणाऱ्याने ठरवावं, म्हणाला होता. तर सेक्रेटरी विचारतोय, पाटी ठेवू की खरवडू? ऑक्टोबरच्या स्पर्धेच्या आधी त्याला उत्तर हवंय. तुम्ही हो किंवा नाही एवढं कळवलंत तरी पुरे.

आता पत्र घेतलंच आहे लिहायला तर सांगून टाकतो. तुम्ही मुलीकडे कायमचे राहायला गेलात आणि मला जाताना भेटलाही नाहीत, हे मला आवडलं नाही. गेल्या स्पर्धेच्या फायनलमध्ये मी चार शब्द जास्त बोललो असेन. पण तुम्ही त्यानंतर जे केलंत ते काय होतं? दोन सेट नुसते खांबासारखे उभे. माझ्या बाजूने बॉल जातायत आणि तुम्ही बघताय. पहिला सेट आपण सहज जिंकला होता. कप हातात आला होता. रागावलात तर रागवा, पण खेळात राग काढायचा नसतो, एवढं तुमच्यासारख्या माणसाला मी सांगायला नको.

दोघी बहिणी रोज फोनवर बोलतात. मी खोलीत शिरलो की बोलणं हवापाण्यावर येतं.

पाटीचं कळवा.

तुमचा साडू


१२ मार्च

साडूबुवा,

उत्तर नाही. ठीक आहे. माझ्या मेहुणीने बहिणीला फोनवर सांगितलं म्हणे, की तुम्ही पत्र दोनदा वाचलंत आणि ड्रॉवरमध्ये ठेवलंत. बोलला काहीच नाहीत. मूग गिळायची तुमची सवय जुनीच आहे.

पाटी अजून खरवडलेली नाही. मी सेक्रेटरीला म्हटलं, घाई काय आहे.

सध्या मी वकिलांबरोबर खेळतो. तेच ते, पोटावर रॅकेट टेकवून उभे राहतात ते. माणूस गमतीदार आहे, पण कोर्टवर म्हणजे कपाट. मागच्या रविवारी बँकेतल्या दोन पोरांनी आमचा पार धुव्वा उडवला. माझ्या तोंडाला फेस आला हो. दुसऱ्या सेटमध्ये मी नेटला धरून उभा होतो, श्वास घ्यायला, आणि वरून असं दाखवत होतो की जाळीची उंची बघतोय.

आणि मला कळत नाही, हे झालं कसं? माझा हात तोच आहे. नेटवरची व्हॉली तीच आहे, जिला तुम्हीसुद्धा मान द्यायचात. पण बॉल येतो तेव्हा मी तिथे नसतो. तुमच्याबरोबर खेळताना मला असा उशीर कधी झाला नाही. चार-पाच महिन्यांत मी म्हातारा झालो की काय?

सूनबाई बघायला आली होती. ती शाळेत खेळ शिकवते, त्यामुळे तिला गप्प बसवत नाही. घरी येताना म्हणाली, "बाबा, तुमचा फटका चुकत नाही. तुम्ही पोचताच उशिरा. मग हात घाई करतो आणि दोष फटक्याला येतो."

मी म्हटलं, "वय झालं."

"वयाने थोडंच झालंय. बाकीचं दुकानात स्टुलावर बसून झालंय."

चष्म्याच्या दुकानात स्टुलावर नाही बसणार तर कुठे बसणार? पण हे तिला कोण सांगणार. सोमवारपासून ती माझ्याकडून व्यायाम करून घेणार आहे. तुमची मेहुणी आनंदात आहे. लग्नापासून तिला जे जमलं नाही ते सून करणार, असं शेजारणीला सांगत होती.

तुमचा साडू


२ मे

साडूबुवा,

आधी हसून घ्या. मी दोरीच्या उड्या मारतो. गच्चीवर, सकाळी, पाण्याच्या टाकीमागे, म्हणजे समोरच्या इमारतीतून दिसू नये. पहिल्या दिवशी दोरी पायात अडकून टाकीला मिठी मारली. आता बऱ्यापैकी जमतं.

सूनबाई कडक आहे. गच्चीवर खडूने रेघा मारल्यात आणि त्यांच्यामधून खेकड्यासारखं आडवं पळायला लावते. सरळ पळायचं नावही काढू देत नाही. म्हणते, टेनिसमध्ये सरळ कोण पळतं? इथे दोन पावलं आणि तिथे तीन, एवढाच सगळा खेळ. पण ती दोन पावलं वेळेवर निघाली पाहिजेत. त्यासाठी समोरचा फटका मारतो त्या क्षणी आपण जागच्या जागी एक बारीकशी उडी घ्यायची, म्हणजे पाय झोपलेले राहत नाहीत. आणि फटका मारून झाला की कौतुक बघत उभं राहायचं नाही, लगेच मधे परत यायचं. हे शेवटचं मला फार जड गेलं. मी इतकी वर्षं फटका मारून झाल्यावर टाळ्या ऐकत उभा राहात असे.

आमच्या दुकानाच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली होती. नवा मेकॅनिक आला, तोही जिन्यानेच वर गेला. मला तुम्ही आठवलात. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्यात आणि स्वतः मात्र जिनेच चढलात. क्लबमध्ये सगळे म्हणायचे, यांच्या पायाला भिंगरी आहे. मी म्हणायचो, भिंगरी कसली, कंपनीने पगार देऊन व्यायाम करून घेतलाय. हल्ली मीही दुकानात जिन्याने जातो. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत तुमचं सगळं आयुष्य डोळ्यांपुढून जातं.

पण फरक पडलाय. मला वाटायचं वेग म्हणजे घाई. तसं नाही हो. लवकर पोचलं की सवड मिळते. बॉल जणू थांबून विचारतो, कुठे मारताय मला? आणि दम टिकला की तिसऱ्या सेटमध्येही डोकं थंड राहतं. आधी माझं डोकं तापायचं ते दमल्यामुळे, असं सूनबाईचं म्हणणं आहे. खरं-खोटं तिला माहीत. तुम्हाला काय वाटतं ते लिहू नका, लिहिणार नाहीच आहात.

एकदा येऊन बघून जा. खेळू नका हवं तर. नुसतं बघा.

तुमचा साडू


९ जुलै

साडूबुवा,

बढाई मारायला बसलो होतो, पण पत्र तसं होणार नाही असं दिसतंय.

गेल्या रविवारी आम्ही जिंकलो. बँकेतल्या त्याच पोरांविरुद्ध. वकील कपाटच आहेत, पण आता कपाटाच्या आजूबाजूला मी पळतो. त्यांच्या बॅकहँडला बॉल येणार दिसला की मी आधीच एक पाऊल त्यांच्या बाजूला सरकून उभा राहतो. त्यांना कळत नाही. त्यांच्या डोक्यावरून लॉब गेला की मागे पळून मी घेतो. आणि "माझा!" असं लवकर ओरडतो, म्हणजे ते बिचारे वळायच्या फंदात पडत नाहीत आणि आपल्याला पोचता आलं नसतं हेही त्यांना कळत नाही. मग बॉल उंच परतवायचा, असा की समोरच्याला लेचापेचा परतवावा लागेल आणि तो नेमका वकिलांच्या रॅकेटवर येईल. ते मारतात. टाळ्या पडतात. परवा ते मला म्हणाले, "माझी व्हॉली सुधारली हल्ली, नाही?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आणि त्याच खेळात, शेवटच्या सेटमध्ये, एक लॉब गेला. मी मागे धावलो, "माझा!" म्हणून ओरडलो, आणि तो आवाज मला तुमचा वाटला. अगदी तसाच, थोडासा धापेचा, थोडा आधीच. बारा वर्षं मी तो माझ्या मागून ऐकलाय. बारा वर्षं मला त्याचा राग आलाय. मी पाय घट्ट रोवून बॉल परतवला, पण त्यानंतर माझं लक्ष लागलं नाही.

लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढून मी पोट भरतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मला भिंगाशिवाय दिसतं. पुढचं तुम्हाला पाठ आहे.

आज इथेच थांबतो. घरात एक गोष्ट विचारायची आहे.

तुमचा साडू


२० जुलै

साडूबुवा,

विचारलं. तुमच्या मेहुणीला सरळ विचारलं, "माझ्याबरोबर खेळताना ते माझे बॉल का घ्यायचे?"

ती इस्त्री करत होती. म्हणाली, "आत्ता विचारताय?"

मग तिने इस्त्री बंद केली आणि बसली. तुमचा उजवा गुडघा फायनलच्या आधी दोन वर्षांपासून गेला होता, हे तिला माहीत होतं. मेहुणीला माहीत होतं. तुमच्या मुलीला माहीत होतं. डॉक्टरांनी खेळ बंद करा म्हणून सांगितलं होतं आणि तुम्ही घरातल्या सगळ्यांना बजावलं होतं की माझ्या कानावर जाता कामा नये. का, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही हरलात की आठ दिवस घर डोक्यावर घेता. गिऱ्हाइकांवर ओरडता. ते म्हणायचे, ताई, त्यांना एकदा कळलं की स्वतःचेच पाय आता मंदावलेत, तर ते पुन्हा कोर्टवर यायचे नाहीत. माझं काय, मी पळतो अजून थोडे दिवस."

अजून थोडे दिवस. गुडघ्याला पट्टा बांधून, वर लांब पँट घालून. मी तुमची चेष्टा केली होती त्या पँटवरून. ‘लिफ्टवाल्यांचा गणवेश’ म्हणालो होतो. सगळे हसले होते. तुम्हीही हसला होतात.

फायनल मी तुम्हाला एकदा सांगितली, माझ्या बाजूने. आता जशी झाली तशी सांगतो. पहिला सेट आपण जिंकला, म्हणजे तुम्ही पळालात आणि मी नेटवर उभा राहून आयते बॉल मारले. आयत्या बिळावर नागोबा. दुसऱ्या सेटच्या सुरुवातीला मधला एक बॉल तुम्ही घेतला आणि जाळीत गेला. बाजू बदलताना, सगळ्या क्लबसमोर, मी म्हणालो, "सगळे बॉल तुझेच का? मला काय शोभेला उभं केलंय? आपल्या अर्ध्यात राहा."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. टॉवेलने रॅकेटची मूठ पुसलीत. आणि म्हणालात, "बरं."

एवढंच. तो राग नव्हता, हे मला आज कळतंय. मी मागितलं ते तुम्ही दिलंत. मग माझं अर्धं कोर्ट सगळ्यांना दिसलं, रिकामं. लोकांना वाटलं तुम्ही हरवलंत. मीही बाहेर तेच सांगितलं, दुकानात, घरात, कट्ट्यावर, जो भेटेल त्याला.

ऑगस्टमध्ये ऑपरेशन आहे असं कळलं. मला यायचं होतं. तुमच्या मेहुणीने फोन करून विचारलं, तर तिकडून निरोप आला, "उगाच धावपळ करू नका म्हणावं." त्या निरोपात तुमची चेष्टा होती की नाही, हे मी दिवसभर ठरवत होतो.

मला वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. हे वाक्य सोपं आहे, पण इतक्या पत्रांत मला लिहिता आलं नव्हतं.

साडू


२८ सप्टेंबर

साडूबुवा,

ऑपरेशन नीट झालं, आता काठी घेऊन चालता, हे कळलं. चालणं पूर्ण बरं होईल, पण कोर्ट कायमचं बंद, हेही कळलं. मेहुणी सांगताना रडली म्हणे. तुम्ही तिला म्हणालात, "अगं, लिफ्ट आहे ना आपल्या इमारतीला."

इकडची बातमी ऐका. वकिलांनी मला सोडलं.

शनिवारी खेळ संपल्यावर, चार माणसांत, त्यांनी रॅकेट बाकावर ठेवली आणि म्हणाले, "अहो, सगळे बॉल तुम्हीच घेता. मला काय साक्षीदार म्हणून उभं केलंय?"

सगळे हसले. माझ्या ओठांवर आलं होतं, की वकीलसाहेब, मी धावतो म्हणून तुम्ही उभे आहात. पण ते बोललो असतो तर काय उरलं असतं त्यांच्याकडे? शिवाय माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला स्वतःचे बॉल हवे होते, चुकले तरी चालतील. हे मला तुमच्या जागी उभं राहून कळलं, आणि त्यांच्या जागी मी आधीच उभा राहून आलो होतो. मी म्हणालो, "बरं."

नंतरच्या खेळात मी आपल्या अर्ध्यात राहिलो. एक लॉब गेला त्यांच्या मागे. मला तो आरामात मिळाला असता. पाय निघालेसुद्धा होते. मी पायांना थांबवलं. आपल्याला पोचता येतं तो बॉल जाऊ देणं काय असतं ते मी पहिल्यांदा पाहिलं. तुम्ही दोन सेट ते केलंत, आणि वर माझी बोलणी खाल्लीत.

आता ते औषधाच्या दुकानदाराबरोबर खेळणार. दोघंही हळू आहेत आणि दोघंही खूश आहेत. मी जोडीवाचून राहिलो. एकदम योग्य झालं, असं सूनबाई म्हणाली नाही, पण तिला वाटलं.

पाटी मी खरवडू दिली नाही. रंग मात्र नवा दिलाय, अक्षरं तीच. काल स्पर्धेच्या फळ्यावर ती टांगली. सेक्रेटरी म्हणाला, "अहो, दुसरा साडू कुठाय?" मी म्हटलं, "येईल." पहिल्याच फेरीत आपली गाठ वकिलांशी आणि औषधवाल्यांशी आहे, सोळा तारखेला, रविवारी सकाळी. सेक्रेटरी जोडी दोनदा पुकारतो आणि कुणी आलं नाही तर समोरच्यांना पुढे पाठवतो. मला खेळायचं नाही. त्या दोन हाका फक्त तुम्ही आणि मी शेजारी बसून ऐकाव्यात, एवढंच मनात आहे. फाटकापाशी तीन पायऱ्या आहेत. मी खाली थांबेन.

आपण कोर्टवर एकमेकांना अरे-तुरे करायचो आणि फाटकाबाहेर आलो की अहो-जाहो. ती आपली रीत होती. हे पत्र मी कोर्टच्या बाकावर बसून लिहितोय. ये रे.

साडू


१६ ऑक्टोबर

साडू,

पायऱ्यांपाशी मी बराच वेळ थांबलो. तुझ्या मेहुणीने आत बोलावलं तरी गेलो नाही. एक रिक्षा फाटकाशी थांबली तेव्हा मी पुढेही झालो, पण त्यातून दुसरंच कुणी उतरलं.

तू येणार नाहीस असं तिला आधीच कळलं होतं. मला सांगायचं तिच्या जिवावर आलं. गुडघ्यामुळे नाही आलास, की माझ्यामुळे, हे मी विचारलं नाही. दोन्ही एकच आहे आता.

सेक्रेटरीने पुकारलं, "साडू-साडू." लोक हसले, दरवर्षी हसतात तसे. मग पुन्हा पुकारलं. तेव्हा कुणी हसलं नाही, कारण मी एकटाच रॅकेट घेऊन कोर्टवर गेलो होतो. वकिलांना म्हटलं, "मॅच तुमचीच. एक गेम खेळू द्या फक्त." त्यांनी चष्मा पुसला, माझ्याच दुकानातला, आणि सर्व्हिसला उभे राहिले.

पूर्ण कोर्ट केवढं मोठं असतं रे. मी आपल्या अर्ध्यात उभा राहिलो, मागे, तू उभा राहायचास तिथे. नेटवर कुणीच नव्हतं. दोन पॉइंट गेले. तिसऱ्याला औषधवाल्यांनी लॉब टाकला, उंच, अगदी मधे, तुझ्या-माझ्या भांडणाच्या जागी. मी ती बारीक उडी घेतली, पाय वेळेवर निघाले, आणि मी ओरडलो, "माझा!"

शेजारी कुणी नव्हतं. कुणाला थांबवायचं नव्हतं. तरी ओरडलो. सूनबाईने तोंड फिरवलं.

बॉल कुठे पडला ते सांगत नाही, ते महत्त्वाचं नाही. पण मी पोचलो होतो. सवड ठेवून पोचलो होतो. तू बघायला हवं होतंस.